जगाचा कला-इतिहास, वर्गातल्या सगळ्या मुलांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रकलेचे शिक्षक, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आणि अधूनमधून पालकही जे प्रश्न फिरून फिरून विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. समोर पाचवी ते दहावीचा वर्ग, पन्नास-साठ मुलं, आठवड्याला एक-दोन तास आणि त्यातलाही एखादा गणिताच्या बाईंनी मागून घेतलेला, असं गृहीत धरलं आहे.

चित्रकलेच्या तासाला इतिहास कशाला? मुलांना चित्र काढू द्या की.

काढू द्याच. पण मुलं जे काढतात त्यालाही इतिहास असतो आणि तो त्यांना कुणी सांगत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीला आपण मडकं, तांब्या आणि चुण्या पाडलेलं फडकं मांडतो. प्रकाश एका बाजूने, सावली दुसऱ्या बाजूला. चित्र शिकवण्याची ही रीत आपल्याकडे इंग्रजांच्या काळातल्या कलाशाळांमधून आली, मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ सालचं. रस्ता लांब जाऊन एका बिंदूत मिळतो हे गणित, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये मांडलं गेलं. जुन्या मुघल किंवा जपानी चित्रकारांचं या बिंदूवाचून काही अडलं नाही, आणि त्यामुळे त्यांची चित्रं चुकीची ठरत नाहीत. एवढं कळलं तरी ‘मला पर्स्पेक्टिव्ह जमत नाही’ म्हणून वही मिटणाऱ्या मुलाला वहीत परत यायला जागा मिळते.

‘जागतिक’ म्हणजे सगळे देश घ्यायचे का? एवढं कसं पुरं होणार?

होणार नाही, आणि करूही नका. जूनमध्ये इजिप्त, जुलैमध्ये ग्रीस, ऑगस्टमध्ये आफ्रिका अशी यादी शाळेच्या वार्षिक नियोजनात छान दिसते. वर्गात मात्र त्यातून कागदी ताटलीचा मुखवटा निघतो आणि त्याखाली ‘आफ्रिकन आर्ट’ असं लिहिलं जातं. आफ्रिका हा ५४ देशांचा खंड आहे. ‘आफ्रिकन मुखवटा’ म्हणणं म्हणजे पैठणी आणि कांजीवरम दोन्हींना ‘आशियाई कापड’ म्हणण्यासारखं.

वर्षाला चार किंवा पाच वस्तू घ्या. प्रत्येक वस्तूला तीन-चार तास द्या. ती कुणी केली, कशाची केली, कुणासाठी केली, आता कुठे आहे आणि तिथे कशी पोचली, हे पाच प्रश्न प्रत्येकीला विचारा. माझा अनुभव असा, की शेवटचा प्रश्न मुलांना सगळ्यात जास्त ओढतो. आणि वस्तू कमी घेतल्या तरच प्रत्येक मुलाला तिच्यापर्यंत पोचायची त्याची त्याची वाट शोधून द्यायला वेळ उरतो. पंचवीस स्लाइड भराभर सरकवल्या की अंध, कर्णबधिर आणि सावकाश शिकणारं मूल, तिन्ही एकदमच वर्गाबाहेर पडतात.

सुरुवात कुठून करू?

जवळून. पहिली वस्तू अशी निवडा, जिचा एक पाय आपल्या जिल्ह्यात आणि दुसरा समुद्रापार आहे. महाराष्ट्रात अशा वस्तूंचा तुटवडा नाही.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत इटलीतलं पाँपेई शहर गाडलं गेलं. तिथल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली: साधारण वीतभर उंच, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन लहान दासी. घडण भारतीय. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडल्या आहेत. म्हणजे आपल्याकडच्या कारागिराच्या हातचं, किंवा त्याच परंपरेतलं, काम रोमन माणसाच्या घरात होतं. उलट दिशेने आलेला माल पाहायचा तर कोल्हापूर. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली. समुद्रापासून एवढ्या आत, पंचगंगेच्या काठी!

दोन्ही वस्तूंचे फोटो शेजारीशेजारी ठेवा, मध्ये नकाशा ठेवा आणि मुलांना रस्ता काढू द्या. दृष्टिबाधित मुलासाठी नकाशावर सुतळी चिकटवा. ‘पाश्चात्त्य’ आणि ‘भारतीय’ असे दोन कप्पे मुलांच्या डोक्यात तयार व्हायच्या आत हे व्हायला हवं.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट आपल्या देशाबाहेर कधी गेला नाही, तरी त्याने १६५६ ते १६६१च्या सुमारास मुघल लघुचित्रं समोर ठेवून वीसेक रेखाटनं केली. त्यात जहांगीर आहे, शहाजहान आहे. डच व्यापाऱ्यांची वखार सुरतेत होती, चित्रं त्या जहाजांच्या वाटेने गेली असणार. रेखाटनांसाठी त्याने वापरलेला कागदही बहुतांशी पूर्व आशियातला. आपले विद्यार्थी युरोपियन चित्रांच्या नकला करतात, हे आपण नेहमी पाहतो. युरोपातला एवढा मोठा चित्रकार आपल्याकडच्या चित्रांवरून शिकत होता, हे कळल्यावर दहावीचा वर्गही मोबाइल विसरतो.

एक तास म्हणजे पस्तीस मिनिटं. त्यात नमुन्यादाखल काय करता येईल?

निळा रंग घ्या. कपड्यांना घालायची पावडरची नीळ आणा, बाटलीतली पातळ नको. ही पारंपरिक नीळ म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीन. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ती कारखान्यात बनू लागली. त्याआधी हाच निळा लाजवर्द दगड कुटून, धुऊन काढावा लागे आणि तो दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांमध्ये तो आहे. युरोपात येशूच्या आईच्या, मरियमच्या, झग्याला तोच वापरायचे, आणि तो इतका महाग की गिऱ्हाईक करारातच लिहून घ्यायचं: निळा चांगल्यातला लावायचा.

दुसरा निळा बर्लिनचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे प्रयोगशाळेत अपघाताने तयार झालेला प्रशियन ब्ल्यू. तो डच व्यापाऱ्यांकरवी जपानला पोचला, आणि १८३१च्या आसपास होकुसाई या जपानी चित्रकाराने समुद्राची जी ‘महालाट’ छापली तिच्यातला निळा हाच. पुढे तसले जपानी छाप युरोपात गेले आणि व्हॅन गॉगने १८८७ साली हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराच्या छापांवरून तैलचित्रं केली. रंगाने असा फेरा मारला.

करायचं काय? नीळ पाण्यात आणि थोड्या डिंकात कालवून प्रत्येकाने कागदावर एक हात मारायचा, शेजारी रंगपेटीतला प्रशियन ब्ल्यू लावायचा. बस. ज्याला रंग दिसत नाही त्याला पावडरीचा बारीक पोत आणि ओल्या डिंकाचा चिकटपणा बोटांना कळतो. खाणीपासून भिंतीपर्यंतची गोष्ट तर सगळ्यांचीच. नीळ तोंडात जाणार नाही एवढं पाहा आणि शेवटची पाच मिनिटं हात धुवायला ठेवा, नाहीतर पुढच्या तासाचे सर तुम्हाला शोधत येतील.

वर्गात पूर्ण अंध मूल आहे. चित्रांचा इतिहास त्याला कसा शिकवायचा?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

मेंदीचा रिकामा कोन घ्या आणि त्यात फेव्हिकॉल भरा. चित्राची प्रिंट जाड पुठ्ठ्यावर चिकटवून मुख्य रेषा कोनाने गिरवा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी बोटाला लागेल अशी उंच रेषा मिळते. कापडावर रंगकाम करायचे थ्री-डी आउटलायनरही चालतात, महाग पडतात इतकंच. सगळं चित्र मात्र उठवायचं नाही, इथेच बरेच जण फसतात. होकुसाईच्या लाटेत फेसाची शेकडो नखं आहेत. ती सगळी उठवली तर बोटाखाली नुसता खडबडाट येतो. मोठी लाट, मागचा लहानसा फुजी पर्वत आणि तीन होड्या एवढंच घ्या. लाटेच्या अंगाला पॉलिश पेपर, आकाशाला गुळगुळीत कार्डशीट, होड्यांना आइस्क्रीमच्या काड्या. आधी बोट फुजीवर ठेवायला सांगा, मग लाटेवर. पर्वत लाटेपेक्षा छोटा का, हा प्रश्न मूल स्वतः विचारतं. डोळस मुलांपैकी कितीतरी जणांना तो डोंगर दिसलेलाही नसतो.

सोबत वर्णन हवं. ते शिक्षकाने एकट्याने करू नये. दोन मुलांनी मिळून करावं, एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने राहिलेलं भरायचं. ‘सुंदर’, ‘छान’, ‘भव्य’ हे शब्द बंद. काय, कुठे, केवढं, कशाच्या पुढे, कशाच्या मागे, एवढंच. वर्णन करणाऱ्या मुलांचीच नजर यात किती तयार होते ते पाहा.

आकारासाठी मैदानावर चला. पिकासोचं ‘गेर्निका’ ३.४९ मीटर उंच आणि ७.७७ मीटर रुंद आहे. पुस्तकात ते काडेपेटीएवढं छापलेलं असतं. टेपने मोजा, फक्कीने चौकट आखा, कडेने दोरी ठेवा आणि सगळ्या वर्गाला त्या कडेने चालू द्या. अंध मूल दोरीला पाय लावून चालेल, व्हीलचेअरवरचं मूल चौकटीच्या आतून जाईल. मग त्याच मैदानात होकुसाईच्या लाटेचा कागद ठेवा: साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटर, वहीच्या उघडलेल्या दोन पानांच्या आसपास. ‘एवढीशी?’ हा उद्गार ठरलेला.

शिल्प असेल तेव्हा तर अडचणच नाही. बस्तरची ढोकरा मूर्ती हातात द्या. मेणाचा आकार, त्यावर मातीचा लेप, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओतला जातो. मोहेंजोदडोची नर्तिका याच रीतीने घडली आणि नायजेरियातल्या बेनिनचे पितळी पट्टही.

कर्णबधिर मुलांसाठी वेगळं काही?

प्रोजेक्टर लावताना वर्ग पूर्ण काळोख करू नका. अंधारात ओठ दिसत नाहीत, हात दिसत नाहीत आणि मूल तिथेच तुटतं. फळ्याकडे तोंड करून बोलणं टाळा. आधी चित्र दाखवा, थांबा, मग सांगा. चित्र पाहणं आणि खुणा पाहणं एकाच वेळी होत नाही. कलाकारांची नावं फळ्यावर लिहा. भारतीय सांकेतिक भाषा येणारं कुणी शाळेत असेल तर तासाचे दहा-बारा शब्द त्यांना आदल्या दिवशी द्या: छाप, साचा, लूट, राजवाडा. आयत्या वेळी ‘साम्राज्यवाद’ची खूण मागितली तर विशेष शिक्षकही गडबडतात.

स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना इतिहास झेपेल का?

सनावळी झेपणार नाही, आणि ती बाकीच्या मुलांनाही झेपत नाही. क्रम झेपतो. ढोकरा बनण्याच्या सहा पायऱ्यांचे सहा फोटो द्या, ओळीने लावायला सांगा. माती, धातू, कागद, कापड असे चार ढीग करून चित्रकार्डं वाटून लावणं हीदेखील कला-इतिहासाची कामगिरीच आहे. ओल्या मातीचा किंवा डिंकाचा स्पर्श नकोसा होणाऱ्या मुलाला हातमोजे द्या, नाहीतर तेच काम काडीने करू द्या. जबरदस्ती नको. आज काय होणार आहे ते तासाच्या सुरुवातीला तीन चित्रांत फळ्यावर लावून ठेवा.

दिव्यांग कलाकारांच्या गोष्टी सांगाव्यात का?

सांगाव्यात, पण डोळ्यांत पाणी आणण्यासाठी नकोत. ‘बघा, त्यांना दिसत नव्हतं तरी किती मोठे झाले’ हे वाक्य ऐकताना वर्गातल्या त्या एका मुलाकडे सगळे वळून पाहतात. त्याला त्या क्षणी काय वाटत असेल, याचा विचार आपणच करायचा.

काम सांगा. विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी जन्मापासूनच अधू. तरी शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात त्यांनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांचं प्रचंड भित्तिचित्र केलं. १९५७च्या सुमारास शस्त्रक्रिया फसून दृष्टी पूर्ण गेली, आणि मग ते कागद कापून चिकटवू लागले, मातीत काम करू लागले. वर्गात बोलायचं ते यावर: भिंतीवरची लांबलचक रेषा आणि कात्रीने कापलेली कड यांत काय सारखं आहे? सतीश गुजराल लहानपणीच ऐकू येईनासे झाले. लाहोरनंतर ते मुंबईत जे. जे.मध्ये शिकले आणि १९५२ साली मेक्सिकोला जाऊन तिथल्या भित्तिचित्रकारांकडे, दिएगो रिवेरा आणि सिकेरोस यांच्याकडे, काम शिकले. त्यांच्या फाळणीच्या चित्रांतली माणसं पाहताना मेक्सिकोच्या भिंती आठवतात का, हा प्रश्न कानांशी संबंधित नाही, चित्राशी आहे.

आमच्या वर्गात वारली समाजाची मुलं आहेत. वारली चित्रकला त्यांनाच समजावून सांगायला सांगावी का?

ती मुलं स्वतःहून बोलली तर ऐका. उभं करून ‘सांग, तुमची कला काय असते’ असं विचारू नका. बाराव्या वर्षी अख्ख्या समाजाचं प्रतिनिधित्व कुणाच्याही मानगुटीवर नको. त्यातल्या कित्येकांच्या घरी आता चित्रं काढत नसतील आणि ते सांगायची लाज त्यांना वाटेल.

शिक्षकाने मात्र माहिती नीट करून घ्यावी. लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिणं हे सवाष्णींचं काम. त्यात पालघाट ही सुफलतेची देवी असते. म्हणजे तो विधी आहे, नुसती सजावट नाही. पालघर जिल्ह्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागद-कापडावर आणली. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा वारलीला ‘लोककला’च्या धड्यात आणि पिकासोला ‘आधुनिक कला’च्या धड्यात टाकण्यापूर्वी थांबा. दोघांना एकाच धड्यात घ्या.

त्याला जोडून ऑस्ट्रेलियातलं पापुन्या हे गाव घ्यावं. १९७१ मध्ये तिथल्या शाळेच्या भिंतीवर आदिवासी ज्येष्ठांनी चित्रं काढली आणि मग ती फळ्यांवर, कॅनव्हासवर आली. बाहेरच्यांनी पाहू नयेत अशा पवित्र खुणा झाकायला त्यांनी ठिपक्यांचा उपयोग केला. म्हणून ‘चला, आज आपण ॲबोरिजिनल डॉट पेंटिंग करू’ हा तास मी घेत नाही. मुलांना विचारते: तुमच्या घरात असं काय आहे जे बाहेरच्याला दाखवत नाहीत? त्याचं चित्र न दाखवता कसं काढाल? बाकी चौक काय किंवा पापुन्या काय, पेन्सिल बॉक्सवर छापायच्या किनारी म्हणून दोन्ही वापरू नयेत.

लूट, वसाहती हे विषय लहान मुलांपुढे काढावेत का?

सहावी-सातवीच्या मुलांना चोरी आणि उसनं यातला फरक चांगला कळतो. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिनचा राजवाडा लुटला. हजारो पितळी आणि हस्तिदंती वस्तू युरोपभर विकल्या गेल्या. एकट्या ब्रिटिश म्युझियममध्ये बेनिनच्या नऊशेहून अधिक वस्तू आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये जर्मनीने वीसेक वस्तू नायजेरियाला परत दिल्या. आणि मुलांना माहीत असलेलं उदाहरण आपल्या दाराशी आहे: लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, पण तीन वर्षांच्या मुदतीने, उसनी. ‘परत दिली’ आणि ‘दाखवायला दिली’ यावर वर्गात जी वादावादी होते ती होऊ द्या. न बोलणाऱ्या मुलांनी हिरवं-लाल कार्ड वर करून मत द्यावं.

नग्न मूर्ती, धार्मिक चित्रं यावरून पालकांची तक्रार आली तर?

वय पाहून निवडा आणि आधी मुख्याध्यापकांना दाखवा. मायकेलअँजेलोचा डेव्हिड नववीला चालतो, पाचवीला अडून काही नाही. (व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये डेव्हिडची प्लास्टरची भलीमोठी प्रतिकृती आहे, राजघराण्यातल्या स्त्रिया यायच्या तेव्हा नग्नता झाकायला तिच्यावर अडकवायचं एक वेगळं पान करून ठेवलं होतं. ते पानही आता तिथे मांडलेलं आहे. ही गोष्ट पालक सभेत सांगितली की वातावरण सैल होतं.)

धर्माबद्दल दोनच गोष्टी सांभाळा. ‘इस्लाममध्ये चित्र चालत नाही’ असं सरसकट बोलू नका. जहांगीराच्या चित्रशाळेत माणसं, पक्षी, झेब्रासुद्धा रंगवला गेला. पण एखाद्या मुलाला घरच्या समजुतीमुळे माणूस काढायचा नसेल तर त्याला दुसरं तितकंच तोलामोलाचं काम द्या: बिबी का मकबऱ्याच्या जाळीतली तारकाकृती कंपास-पट्टीने काढणं, जे कर्तव्यभूमितीलाही उपयोगी पडतं. दुसरं, एकाच विषयाची दोन रूपं शेजारी ठेवा. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले आंजेलो दा फोन्सेका यांनी मरियमला साडी नेसवली, तेव्हा त्यांच्यावर टीकाही झाली. इटलीची मरियम आणि त्यांची मरियम एकत्र पाहिली की मुलं आपापली उदाहरणं आणतात.

मूल्यमापन कसं करायचं?

स्पेलिंग आणि सनावळीची परीक्षा नको. सांगणं, करणं, लावणं यांपैकी मुलाला जमेल त्या एका मार्गाने त्याने वस्तूबद्दल काहीतरी खरं दाखवून द्यावं. वर्णनात्मक नोंदीत ‘चित्र छान काढते’ असं लिहून आपण सगळेच वेळ मारून नेतो. त्याऐवजी ‘लाटेमागचा पर्वत शोधला आणि तो लहान का, हे विचारलं’ असं लिहा.

प्रोजेक्टर नाही, रंगीत प्रिंटला पैसे नाहीत.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनेही लाखो चित्रं मोफत वापरायला खुली केली आहेत. घरी उतरवून घ्या. शाळेच्या नेटवर भिस्त ठेवू नका. वर्षाच्या पाच वस्तूंच्या पाच-पाच ए-थ्री प्रिंट काढल्या आणि त्यांना लॅमिनेशन केलं, की दहा-बारा जणांच्या गटाला एक येते आणि चार-पाच वर्षं टिकते. मॅट लॅमिनेशन सांगा. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि कमी दिसणाऱ्या मुलाला मधोमध फक्त पांढरा डाग दिसतो.